ध्वनीचे प्रकरण अर्ध्यावरच का संपते?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले ‘ध्वनी’ हे प्रकरण काढून पाहा. प्रथम कंपने येतात, मग तरंग, वारंवारता, प्रतिध्वनी. शेवटी मानवी कानाची एक आकृती असते. कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंत हवा, पडद्याच्या आत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे, आणि त्यापुढे गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नलिका. येथपर्यंत सारे तपशीलवार असते. मग एक वाक्य येते : ‘येथून चेतातंतूंमार्फत संदेश मेंदूकडे जातो.’ आणि प्रकरण संपते!

आता त्याच पुस्तकाची पाने उलटून ‘आम्ल व आम्लारी’ हे प्रकरण काढा. तेथे लिटमस आहे, लिंबाचा रस आहे, खाण्याचा सोडा आहे. कानाचा उल्लेख मात्र शोधूनही सापडणार नाही. जीवशास्त्राच्या भागात पेशीची आकृती असते. तिच्यात ना ध्वनी असतो, ना आम्ल.

ही तीन प्रकरणे तुमच्या कानात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी रुंदीच्या एका पेशीत, एकत्र नांदत असतात. निसर्गाने जे एका ठिकाणी ठेवले ते आपण तीन तासिकांत वाटून टाकले. ही वाटणी सोयीची आहे, पण तिची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती सोय आहे हेच आपण विसरतो. माझे मत असे आहे की ही विसरभोळी सवय विद्यार्थ्यांचे नुकसान करते. मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवतो. तरीही, किंवा म्हणूनच, आज मी तुम्हाला भौतिकशास्त्राच्या हद्दीपलीकडे नेणार आहे.

पंधरा हजारांची तुटपुंजी शिदोरी

शंखाच्या आत द्रव भरलेला असतो. रिकीब हलली की द्रवात लाट उठते, आणि एका लवचिक पडद्यावरून ती पुढे धावते. या पडद्यावर रोमपेशी रांगेने उभ्या असतात. माथ्यावर सूक्ष्म रोमांचा झुपका असतो, म्हणून हे नाव. प्रत्येक कानात आतल्या बाजूच्या एका रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,००० अशा या पेशी असतात. दोन्ही मिळून पंधरा-सोळा हजार. डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही शिदोरी किती तुटपुंजी आहे ते कळेल. शिवाय कातडीच्या पेशी पुन्हा तयार होतात, तशा माणसाच्या कानातील रोमपेशी होत नाहीत. जन्मताना मिळाल्या तेवढ्यांवरच आयुष्यभर भागवावे लागते.

या पेशींची मांडणीही पाहण्यासारखी आहे. त्यांचा माथा एका द्रवात आणि बाकीचे अंग दुसऱ्या द्रवात असते. माथ्याकडील द्रवात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी असते. खालच्या द्रवात नेमके उलट. वरच्या द्रवाचे विद्युत् विभव खालच्यापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्टने अधिक असते, आणि पेशीच्या आत ते ऋण असते. म्हणजे माथ्याच्या पातळ पटलावर सव्वाशे ते दीडशे मिलिव्होल्टचा दाब सतत असतो. लाटेने रोम झुकले की पटलातील सूक्ष्म दारे उघडतात, पोटॅशियमचे आयन आत शिरतात आणि विद्युत्प्रवाह वाहू लागतो. बॅटरी, बटण आणि मंडल, तिन्ही येथे आहेत. फक्त तांब्याची तार नाही. तिचे काम खारट पाणी करते.

एका शंकेतून निघालेली वाट

कानाच्या अभ्यासाला वळण देणारी माणसे पुष्कळदा ‘परक्या’ विषयातली होती. १९६१ साली ज्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते गेओर्ग फॉन बेकेशी हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. बुडापेस्टमध्ये टेलिफोन यंत्रणेवर काम करताना ते कानाकडे वळले. शंखातील लाट त्यांनी प्रथम पाहिली ती मृत माणसांच्या कानांत.

१९४८ साली टॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने एक साधी शंका काढली. पुढे हेच गोल्ड खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. तंबोऱ्याची तार हवेत छेडली तर कितीतरी वेळ घुमते. तीच पाण्यात बुडवून छेडली तर आवाज तत्काळ विझतो, कारण द्रव तिची ऊर्जा शोषून घेतो. आपल्या कानातील पडदा तर द्रवातच बुडालेला आहे. मग अगदी जवळच्या दोन स्वरांतील फरक आपण कसा ओळखतो? गोल्ड यांचे उत्तर असे की, कानात बाहेरून ऊर्जा पुरवणारा वर्धक असलाच पाहिजे. रेडिओतील वर्धकाचे तत्त्व त्यांना ठाऊक होते, म्हणून हे सुचले. परंतु जीवशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

तीस वर्षे गेली. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की निरोगी कान स्वतःच अतिशय मंद ध्वनी बाहेर टाकतो. वर्धकाशिवाय असे घडणार नाही. नवजात बाळाला ऐकू येते की नाही याची जी तपासणी आज रुग्णालयांत करतात, तिच्यात हाच मंद ध्वनी टिपला जातो. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या कानातील बाहेरच्या रांगेतली रोमपेशी वेगळी काढून तिला विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा ती चक्क लांब-आखूड होऊ लागली. गोल्ड यांचा वर्धक हाच! या पेशी नष्ट झाल्या तर ऐकण्याची क्षमता ४० ते ६० डेसिबलने घटते. ४० डेसिबल म्हणजे तीव्रतेत दहा हजार पट.

पेशी नाचते ती कशामुळे? पीटर डॅलॉस यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००० साली तिच्या बाजूच्या पटलातील एक प्रथिन शोधले. संगीतात द्रुत लयीला ‘प्रेस्टो’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव ठेवले ‘प्रेस्टिन’. आता खरी गंमत पाहा. २००१ मध्ये डॉमिनिक ऑलिव्हर, बेर्न्ट फाक्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीच्या आतील क्लोराइड काढून घेतले, तेव्हा प्रेस्टिनची विद्युत् हालचाल थांबली. क्लोराइड परत दिले, ती सुरू झाली. क्लोराइडऐवजी बायकार्बोनेट दिले तरी ती सुरू झाली, पण त्यासाठी बायकार्बोनेट पुष्कळ जास्त लागले. पुढील संशोधनात प्रथिनाचे स्वतःचे विद्युत् भारही यात भाग घेतात असे दिसले. पण क्लोराइडचे महत्त्व कायम राहिले. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने काहींच्या कानात गुणगुण सुरू होते व ऐकू कमी येते, ते यामुळेच. ॲस्पिरिनपासून होणारे सॅलिसिलेट प्रेस्टिनवरची क्लोराइडची जागा बळकावते. औषध थांबले की बहुधा ऐकणे पूर्ववत होते.

म्हणजे ध्वनीच्या प्रकरणातले शेवटचे वाक्य उलगडू लागलो, आणि पोचलो थेट मिठातील क्लोराइडपर्यंत आणि खाण्याच्या सोड्यातील बायकार्बोनेटपर्यंत.

कागद-पेन्सिल घ्या

आता थोडे गणित करू. बाहेरच्या रांगेतील रोमपेशी नळकांड्याच्या आकाराची असते. व्यास ९ मायक्रॉन व लांबी ५० मायक्रॉन धरली तर तिचे घनफळ सुमारे ३,२०० घन मायक्रॉन येते. आम्लता मोजण्याचे माप म्हणजे सामू, अर्थात पीएच. ते १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सुचवले. पेशीच्या आतील सामू साधारण ७.२ धरला, तर एका पेशीत मोकळे हायड्रोजन आयन किती असतील? उत्तर येते फक्त सुमारे एक लाख वीस हजार. क्लोराइडचे आयन मात्र, त्यांचे प्रमाण लिटरमागे १० मिलिमोल धरल्यास, सुमारे १,९०० कोटी!

पटावर दोन संख्या शेजारी लिहून पाहा. दर दीड लाखाहून अधिक क्लोराइड आयनांमागे हायड्रोजन आयन एकच. तरीही पेशीच्या दृष्टीने या एकाचे मोल मोठे. हायड्रोजन आयन प्रथिनांना जाऊन चिकटतात, त्यांचे भार आणि आकार बदलतात. सामू ७.२ वरून ६.९ वर आला, तर आकड्यात फरक फक्त ०.३ दिसतो; पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. लॉगॅरिथमची कोष्टके कंटाळवाणी वाटतात ना? ही त्यांची करामत.

शिवाय जिवंत पेशी अन्न जाळते, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सतत निघतो. तो पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल बनते, आणि त्याचे विघटन होऊन हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट तयार होतात. मग पेशी आंबट का होत नाही? पहिले कारण असे की आतील बायकार्बोनेट व प्रथिने जास्तीचे हायड्रोजन आयन पकडून ठेवतात. उशी जशी धक्का झेलते, तसे. दुसरे कारण पेशीपटलातील वाहक प्रथिने. त्यांतील एक वाहक बाहेरील सोडियमचा एक आयन आत घेतो व त्याबदली हायड्रोजनचा एक आयन बाहेर टाकतो. दुसरा वाहक क्लोराइड आत घेतो व बायकार्बोनेट बाहेर सोडतो. बायकार्बोनेट गेले म्हणजे आम्ल पकडणारा गेला, म्हणून पेशी थोडी आम्लधर्मी होते. पहिला वाहक आम्ल हाकलतो, दुसरा अल्क हाकलतो. मोटेच्या दोन दोरांप्रमाणे या दोघांच्या ओढाताणीत सामू जागच्या जागी राहतो.

जपानमधील के. इकेदा व सहकाऱ्यांनी १९९२ साली गिनीपिगच्या सुट्या रोमपेशींत या दोन्ही वाहकांचा पुरावा दिला. दुसऱ्या वाहकाची परीक्षा मोठी सुबक असते. पेशीभोवतालच्या द्रवातले क्लोराइड काढून टाकायचे. आता क्लोराइडचा उतार उलटा झाला. ते आतून बाहेर वाहणार, आणि बदल्यात बायकार्बोनेट आत येणार. म्हणजे पेशी अल्कधर्मी व्हायला हवी. तशी ती होते. पाणी उताराकडे वाहते हे ज्याला कळते त्याला हे समजायला अवघड नाही.

येथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. क्लोराइड आणि बायकार्बोनेट दोघांवरही एकेक ऋण भार आहे. एक आत, एक बाहेर, म्हणजे निव्वळ विद्युत्प्रवाह शून्य. या व्यवहाराची नोंद कोणत्याही अमीटरवर होणार नाही. केवळ अमीटरवर भरवसा ठेवणाऱ्याला येथे काहीच घडत नाही असे वाटेल. आणि केवळ सामू पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येणार नाही की आम्लता सावरणाऱ्या याच देवाणघेवाणीत जे क्लोराइड आत-बाहेर होते, त्याच्यावर प्रेस्टिन, म्हणजे कानाचा वर्धक, अवलंबून आहे. दोघांनी एकत्र बसले तरच पूर्ण चित्र दिसते.

प्रेस्टिनचे भावंड

हा केवळ कागदावरचा विचार नाही. १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर व्हॉन पेंड्रेड यांनी दोन बहिणींची नोंद केली. दोघी बहिऱ्या होत्या आणि दोघींना गलगंड होता. या विकाराचे जनुक सापडायला १९९७ साल उजाडले. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला ‘पेंड्रिन’ म्हणतात, आणि ते प्रेस्टिनच्याच कुळातील आहे. पेंड्रिन रोमपेशींच्या आसपासच्या पेशींत असते आणि क्लोराइडच्या बदल्यात बायकार्बोनेट वरच्या द्रवात सोडते. ज्या उंदरांत ते नसते त्यांच्या कानातला हा द्रव आम्लधर्मी होतो, नलिका फुगतात आणि ऐकण्याची शक्ती येतच नाही. माणसांतही या जनुकातील दोष हे जन्मजात बहिरेपणाचे एक महत्त्वाचे कारण आहे. रोमपेशी सुस्थितीत जन्मल्या तरी भोवतालच्या द्रवाची आम्लता बिघडली तर त्यांचा निभाव लागत नाही.

मग भिंती कशासाठी?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दहावी झाली की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो : पीसीएम की पीसीबी? गणित घेणारा म्हणतो, ‘सुटलो बुवा जीवशास्त्रातून!’ जीवशास्त्र घेणारा म्हणतो, ‘गणिताची कटकट गेली!’ वरची हकीगत वाचल्यावर सांगा, कोण कशातून सुटला? गणित टाकणाऱ्याला सामूचा अर्थ पुरता कळणार नाही, आणि जीवशास्त्र टाकणाऱ्याला कान म्हणजे निव्वळ मायक्रोफोन वाटत राहील. मायक्रोफोन बिघडला तर नवा आणता येतो. रोमपेशीचे दुकान अजून कोठे निघालेले नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की, अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, त्यात ही भर कशाला? माझे म्हणणे भर घालण्याचे नाहीच. असलेल्या प्रकरणांमध्ये दारे पाडा, एवढेच. महिन्यातून एकदा दोन तासिका जोडून घ्याव्यात. भौतिकशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून एकच वस्तू शिकवावी. आज कान, पुढल्या महिन्यात मूत्रपिंड, नंतर झाडाचे पान. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विषयांमधील कडक भिंती नकोत असे म्हटले आहे. धोरण कागदावरून वर्गात येते ते अशा छोट्या वाटेनेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विशेष अभ्यासाशिवाय शोध लागत नाहीत. सर्वच विषयांत डोकावणारा कशातच पारंगत होत नाही. हे खरे आहे. ब्राउनेल यांना पेशी हाताळण्याचे कौशल्य वर्षानुवर्षे कमवावे लागले असेल, यात शंका नाही. पण गोल्ड यांची शंका तीस वर्षे पडून राहिली, तीही पारंगत लोकांच्याच जगात. आपला विषय खोल खणावा. मात्र शेजारचा हाक मारील तेव्हा ऐकू येईल इतके तोंड विहिरीबाहेर ठेवावे.

आणखी एक कारण व्यवहारातले आहे. ‘शरीरातील आम्लता घालवणारे अल्कधर्मी पाणी’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास फुप्फुसे आणि मूत्रपिंडे मिळून राखतात, आणि पेशीचा सामू तिच्या पटलातील वाहक. प्यालेले अल्कधर्मी पाणी प्रथम जठरातील आम्लातच पडते. हे ज्याने तिन्ही विषयांतून पाहिले आहे, तो अशा बाटलीसाठी खिशात हात घालण्यापूर्वी चार प्रश्न विचारील.

करून पाहा

बायकार्बोनेटची उशी घरीही दिसते. जास्वंदीच्या लाल पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करून गाळून घ्या. हे पाणी दोन पेल्यांत सारखे ओता आणि एकात पाव चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. तो पेला हिरवट होईल. आता दोन्हींत लिंबाचा रस थेंबाथेंबाने घाला. साध्या पेल्यात थोड्याच थेंबांनी रंग लालसर होईल. सोड्याच्या पेल्यात बुडबुडे येतील, पण रंग बराच वेळ दाद देणार नाही. थेंब मोजा आणि वहीत लिहा. सोडा दुप्पट घेतला तर थेंब दुप्पट लागतात का, तेही तपासा.

दुसरे काम ऐकण्याचे आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये असा एक प्रचलित नियम आहे, आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला किती? १५ डेसिबल म्हणजे पाच वेळा निम्मे; आठ तासांचे बत्तीस भाग, अर्थात पंधरा मिनिटे. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे किंवा पूर्ण आवाज चढवलेले इअरफोन कानात घालून हा हिशोब करून पाहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वसाहतीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मोठ्या आवाजाने सहसा प्रथम मरतात त्या बाहेरच्या रांगेतील रोमपेशी, म्हणजे ज्यांच्यासाठी निसर्गाने क्लोराइड आणि बायकार्बोनेटचा हा काटेकोर व्यवहार मांडला आहे त्याच.

तेव्हा पुढच्या वेळी ध्वनीचे प्रकरण संपले की पुस्तक मिटू नका. हात वर करून विचारा : ‘सर, संदेश मेंदूकडे जातो तो नेमका कसा?’ शिक्षकांनी जीवशास्त्राच्या बाईंकडे बोट दाखवले तर त्यांच्याकडे जा, आणि त्यांनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवले तर तेथेही जा. एवढी पायपीट तुम्ही केलीत तर तीन खोल्यांमधील भिंती तुमच्यापुरत्या तरी पडल्याच म्हणून समजा.